सव्वा सेकंदाची नोकरी

लाँग स्नॅपर कमरेत वाकून स्वतःच्या दोन पायांमधून मागे बघतो. जग त्याला उलटं दिसतंय. मागे साधारण आठ यार्डांवर होल्डर एका गुडघ्यावर बसलाय. त्याने एक बोट गवतावर टेकवून जागा दाखवली आहे. त्या बोटापासून तीन पावलं मागे आणि दोन पावलं बाजूला किकर उभा आहे, खांदे सैल, मान खाली. होल्डर वळून त्याच्याकडे बघतो. किकर मान हलवतो. होल्डर हात पुढे करतो आणि चेंडू सुटतो.

यापुढचं सगळं सव्वा सेकंदात उरकायचं असतं. फार तर एक दशांश वर. चेंडू फिरत येतो. कसलेला स्नॅपर त्याचे फेरे असे बसवतो की होल्डरच्या हाताशी पोचताना त्याची वीण बरोबर पुढे, गोलपोस्टच्या दिशेला असते. होल्डर तो झेलतो, टोकावर उभा करतो, वरच्या टोकावर एक बोट ठेवतो. वीण चुकीच्या बाजूला आली असेल तर उभा करता करताच गिरकी देऊन फिरवतो, कारण पाय विणीवर पडला तर चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. किकरने तोवर धाव सुरू केलेली असते. चेंडू अजून जागेवर नसतो, पण तो तिथे असेल असं धरून त्याचा पाय निघालेला असतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं भिंत फोडून येतायत. त्यांच्याकडे त्याने बघायचं नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये याला फील्ड गोल म्हणतात आणि त्याचे तीन गुण. दोन खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट, आडवा दांडा जमिनीपासून दहा फुटांवर. चेंडू दांड्याच्या वरून आणि खांबांच्या मधून गेला पाहिजे. आपल्याकडे अंतराचा अंदाज यावा म्हणून क्रिकेटची खेळपट्टी डोळ्यांपुढे आणावी: ती २२ यार्डांची. ३३ यार्डांची किक म्हणजे दीड खेळपट्टी. ती व्यावसायिक किकरकडून चुकली तर लोक चिडतात. २०२१ मध्ये जस्टिन टकरने डेट्रॉइटमध्ये शेवटच्या क्षणी मारलेली किक ६६ यार्डांची होती, बरोबर तीन खेळपट्ट्या. चेंडू दांड्यावर आपटून पलीकडे पडला.

या कामाची गंमत अशी की ते करणाऱ्यांतली बरीच माणसं हा खेळ बघत मोठी झालेलीच नव्हती. ती गोल चेंडू लाथाडत वाढली: बुडापेस्टमध्ये, लार्नाकात, ब्युनोस आयरेसमध्ये, ब्राझिलियात. हेल्मेट त्यांच्या डोक्यावर फार उशिरा आलं, आणि बहुतेकांच्या बाबतीत कुणीतरी त्यांना सहज लाथ मारताना पाहिलं म्हणून आलं.

पूर्वी किक मारायची पद्धत वेगळी होती. चेंडूच्या सरळ मागून धावत यायचं आणि बुटाच्या चवड्याने मारायचं. चवडा म्हणजे टोक. तिथे चेंडूला स्पर्श होणार तो नखाएवढा. जरा तिरका लागला की दिशा गेली. गोल चेंडूचा फुटबॉल खेळणारी पोरं असं मारत नाहीत. ती बाजूने, तिरकी धावत येतात, पायाच्या वरच्या हाडाळ भागाने मारतात आणि कंबर फिरवतात. चेंडूला पायाचा मोठा भाग लागतो, पायाला वेग जास्त मिळतो. लिमापासून कोल्हापूरपर्यंत कुठलंही पोर हे न शिकवता करतं. अमेरिकन मैदानांवर मात्र त्यात काही अर्थ आहे असं १९६४ पर्यंत फारसं कुणाला वाटलं नव्हतं.

त्या वर्षी बफेलो बिल्सने पीट गोगोलाकला घेतलं. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून कुटुंबासोबत निघालेला मुलगा, नंतर कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी. व्यावसायिक लीगमध्ये तिरका धावत येऊन किक मारणारा तो पहिला. दोन वर्षांनी न्यूयॉर्क जायंट्सने त्याला प्रतिस्पर्धी लीगमधून उचललं. त्यावरून एकमेकांचे खेळाडू पळवण्याची अशी चढाओढ लागली की जून १९६६ मध्ये दोन्ही लीगना विलीनीकरण जाहीर करावं लागलं. एका किकरपायी. ज्या खेळात किकरला निम्माच खेळाडू समजतात, तिथे हे घडलं.

यान स्टेनरुडची गोष्ट याहून मासलेवाईक. हा नॉर्वेचा, आणि अमेरिकेला आला होता स्की-उड्या मारायला. मोंटाना स्टेट विद्यापीठाने त्याला त्यासाठीच शिष्यवृत्ती दिली होती. व्यायाम म्हणून तो स्टेडियमच्या पायऱ्या वर-खाली पळायचा. १९६४ च्या शरदात एकदा खाली किकचा सराव चालला होता, तिथे त्यानेही दोन-चार चेंडू मारून बघितले. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाने ते पाहिलं आणि अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षकाला जाऊन सांगितलं. पुढच्या वर्षी याच मुलाने ५९ यार्डांचा फील्ड गोल मारला. जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा त्यांचे पहिले नऊ गुण स्टेनरुडचे होते. त्यातली पहिली किक ४८ यार्डांची, आणि सुपर बोलमधली सर्वांत लांब म्हणून ती २४ वर्षं टिकली. फक्त किक मारणारा, बाकी काही न करणारा खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये गेला तो हाच पहिला, १९९१ मध्ये.

सायप्रसच्या गारो येप्रेमियनला तर पायऱ्यांचीही ओळख नव्हती. आर्मेनियन घरातला, बुटका, टक्कल पडू लागलेला हा माणूस १९६६ मध्ये भावाकडे अमेरिकेत आला. डेट्रॉइट लायन्सकडून तो पहिल्यांदा खेळला तोवर त्याने हा खेळ मैदानावर बघितलाही नव्हता. तरीही त्याच मोसमात मिनेसोटाविरुद्ध एका सामन्यात त्याने सहा फील्ड गोल मारले. तेव्हाचा तो विक्रम. इमिग्रेशनचे कायदे कडक करा म्हणजे हे किकर थांबतील, असं त्या काळी मिनेसोटाचे प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉक्लिन वैतागून म्हणाल्याचं सांगितलं जातं. मोसम नसताना येप्रेमियन घराच्या तळघरात नेकटाय बनवायचा.

१९७१ च्या नाताळच्या दिवशी कॅन्सस सिटीत हे दोघे समोरासमोर आले. नियमित वेळेची ३५ सेकंदं उरलेली, २४-२४ बरोबरी, आणि स्टेनरुडपुढे ३१ यार्डांची किक. दीड खेळपट्टीपेक्षाही कमी. चेंडू उजवीकडून बाहेर गेला. सामना जादा वेळेत गेला, तिथे त्याची दुसरी किक अडवली गेली. अखेर दुसऱ्या जादा सत्रात, आता मायामीकडून खेळणाऱ्या येप्रेमियनने ३७ यार्डांवरून चेंडू खांबांच्या मधून घातला. खेळाचं घड्याळ ८२ मिनिटं ४० सेकंदं चाललं होतं. मोठमोठे धिप्पाड लोक तासन्‌तास एकमेकांना आपटत राहिले आणि निकाल लावला एका नॉर्वेजियनच्या चुकीने आणि एका सायप्रसवाल्याच्या पायाने.

येप्रेमियनचीही पाळी आली. जानेवारी १९७३ मध्ये सुपर बोलमध्ये मायामी १४-० ने पुढे होती. त्याची किक अडवली गेली आणि चेंडू उसळून त्याच्याच हातात आला. चेंडूवर आडवं पडायचं, एवढंच करायचं होतं. पण त्याने तो फेकायचं ठरवलं! चेंडू हातातून निसटला, त्याने तो धडपडत वर उडवला, आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने तो झेलून ४९ यार्ड पळत जाऊन थेट गोलरेषा ओलांडली. मायामी कशीबशी १४-७ ने जिंकली म्हणून मोसम अपराजित राहिला. पण येप्रेमियनचं नाव काढलं की लोकांना आधी ते फेकणंच आठवतं. पायाने शेकडो वेळा बरोबर केलेलं हाताच्या एका चुकीपुढे फिकं पडलं.

हे तिरके पाय पसरले आणि आकडे बदलले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक किकर निम्म्याहून थोड्याच जास्त किक साधायचे. आता शंभरातल्या पंच्याऐंशीच्या आसपास. चवड्याने मारणारा शेवटचा नामांकित किकर मार्क मोझली; १९८२ च्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा एकमेव किकर १९८६ मध्ये निवृत्त झाला आणि ती पद्धत त्याच्यासोबत गेली. लीगही गप्प बसली नाही. १९७४ मध्ये गोलपोस्ट दहा यार्ड मागे नेले. २०१५ मध्ये एक्स्ट्रा पॉइंटची, म्हणजे गोलरेषा ओलांडल्यावर मिळणाऱ्या एका जादा गुणाची, किक लांबवून ३३ यार्डांवर आणली. आणि १९९९ पासून किकसाठी वेगळे चेंडू ठेवले जाऊ लागले, कारण चेंडू मऊ, गुबगुबीत व्हावा म्हणून किकर मंडळी त्याला उन्हात तापवण्यापासून कपड्यांच्या ड्रायरमध्ये फिरवण्यापर्यंत काय वाटेल ते करत होती.

पुढच्या पिढ्यांत या वाटेला एक ठरावीक फाटक आलं: विद्यार्थी अदलाबदल. डेन्मार्कचा मॉर्टन अँडरसन १९७७ मध्ये एका वर्षासाठी इंडियानापोलिसला आला आणि शाळेच्या मैदानावर सापडला. तो २५ मोसम खेळला, २,५४४ गुण केले. मेक्सिकोचा राऊल आलेग्रे वॉशिंग्टन राज्यातल्या शाळेत असाच आला. आणि ब्राझीलचा कायरो सांतोस पंधराव्या वर्षी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला. सोबतच्या पोरांनी त्याला चेंडू लाथाडताना बघितलं आणि संघाच्या निवडीला ओढत नेलं.

सांतोसची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण नोकरी म्हणून हे काम कसं असतं ते तिच्यात दिसतं. २०१२ मध्ये टुलेन विद्यापीठाकडून त्याने २१ पैकी २१ किक साधल्या आणि कॉलेजातल्या सर्वोत्तम किकरचा लू ग्रोझा पुरस्कार मिळवला. तरी व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या २०१४ च्या ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. चीफ्सने सरावासाठी बोलावलं. तिथे रायन सकोप हा जुना किकर होता. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आणि प्रत्येकाला सहसा एकच किकर लागतो. म्हणजे या लीगमध्ये या कामाच्या ३२ जागा. सांतोसला जागा मिळाली ती सकोपला काढून. ब्राझीलमध्ये जन्मलेला एनएफएलमधला तो पहिला खेळाडू. सकोप गेला टेनेसी टायटन्सकडे. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, सकोप जखमी झाला आणि त्याच्या जागी टायटन्सने बोलावलं कुणाला, तर सांतोसला. संगीत खुर्ची म्हणतात ती हीच.

मग ऑक्टोबर २०१९ चा बफेलोविरुद्धचा सामना. सांतोसने चार किक मारल्या, तीन चुकल्या, एक अडवली गेली. टायटन्स १४-७ ने हरले. दुसऱ्या दिवशी त्याला नारळ मिळाला.

हा हिशेब फुटबॉलमधून आलेल्या पोराला समजायला वेळ लागतो. नव्वद मिनिटं पळणाऱ्या खेळात चुकलेला शॉट पाच मिनिटांत भरून काढता येतो. परत चेंडू मागायचा, परत मारायचा. इथे किकर बाकाजवळच्या जाळीत चेंडू मारत राहतो, तासभर, दीड तास, कधी पाळी येईल ते ठाऊक नसताना. पाळी आलीच तर ऐन क्षणी समोरचा प्रशिक्षक मुद्दाम टाइमआउट घेतो. त्याला आणखी मिनिटभर विचार करू देण्यासाठी! सवयीही मोडाव्या लागतात. फुटबॉलमध्ये बारच्या वरून गेलेला चेंडू म्हणजे प्रेक्षकांच्या शिव्या. इथे नेमका तोच गोल. तिथे चेंडू स्वतःच पुढ्यात घेऊन मारता येतो, इथे दुसऱ्याच्या बोटाखाली ठेवलेला मारायचा. म्हणूनच कसलेले किकर आपल्या स्नॅपर-होल्डरशी जिवाभावाने वागतात. हल्ली बहुतेक संघांत होल्डरचं काम पंटर, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथाडणारा खेळाडू, करतो, आणि हे तिघं मैदानाच्या एका कोपऱ्यात, बाकी संघापासून दूर, रोज तेच ते करत बसलेले दिसतात.

सांतोसची पुढची जागा ठरली शिकागो बेअर्स, आणि तिथली गोष्ट थोडी आधीपासून सुरू होते. जानेवारी २०१९ मध्ये कोडी पार्कीची ४३ यार्डांची किक फिलाडेल्फियाच्या एका खेळाडूच्या हाताला निसटती लागली, मग खांबाला, मग दांड्याला, आणि मैदानात परत पडली. बेअर्स १६-१५ ने हरले आणि ती दुहेरी टक्कर शहराच्या डोक्यात बसली. पुढच्या उन्हाळ्यात सरावाला आलेल्या किकरांना प्रशिक्षक नेमकी ४३ यार्डांची किक मारायला लावत, सगळा संघ गप्प उभा. जागा मिळाली एडी पिनेरोला. २०२० मध्ये तो जखमी झाला आणि सराव पथकातला सांतोस वर आला. मैदान सोल्जर फील्ड: मिशिगन सरोवराच्या काठी, वारा कधी कुठून वाहील त्याचा नेम नाही, हिवाळ्यात पायाखालचं गवत उखडलेलं. त्या मोसमात त्याने ३२ पैकी ३० किक साधल्या. त्यातल्या शेवटच्या २७ सलग. पुढच्या वर्षी ही माळ ४० वर गेली, तेव्हा तुटली.

किक खांबांच्या मधून गेली की पंच दोन्ही हात वर करतात. लाइनमन एकमेकांच्या हेल्मेटवर थापा मारत बाजूला जातात. होल्डर गवतावरून उठून गुडघा झटकतो. किकर चेंडू कुठे पडला ते बघायला थांबत नाही. तो जाळीपाशी जातो, पायातला बूट घट्ट करतो आणि पुन्हा तीन पावलं मागे, दोन पावलं बाजूला.