संडासाच्या बुडाशी पाणी : दोष कोठे शोधावा?

घरातील दिवाणखान्याची भिंत ओली झाली, तर गृहस्थ त्याच दिवशी गवंड्यास बोलावतो. परंतु संडासाच्या भांड्याभोवती रोज सकाळी थोडेसे पाणी दिसू लागले, तर तोच गृहस्थ ते फडक्याने टिपून घेतो आणि महिना-दोन महिने त्याविषयी बोलत नाही. ह्या जागेविषयी बोलणेच आपल्याला नकोसे वाटते. पुढे त्या मौनाची किंमत मात्र मोजावी लागते, आणि बहुधा ती खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला प्रथम मोजावी लागते.

सुरत शहरात उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तीन-चार मजल्यांच्या इमारती, लहान बिऱ्हाडे आणि एकाच चौकटीत मोरी व संडास, अशी तेथील पुष्कळशा घरांची मांडणी असते. अशा इमारतीत एखादा दिवस उगवतो आणि खालच्या मजल्यावरील बाई वर येऊन म्हणतात, “भाभी, जरा आमचे छत पाहायला या. डाग चुलीच्या वरपर्यंत आला आहे.” वरच्या बाई प्रामाणिकपणे उत्तर देतात, “आमची लादी तर कोरडी आहे हो, बेन. पावसाचे पाणी झिरपत असेल.” दोघीही खरे बोलत असतात, पण दोघींचे बोलणे उद्या कडू होणार असते. मग गवंडी येतो, भांड्याच्या बुडाभोवती सफेद सिमेंटची जाड कड घालतो आणि वरची लादी खरोखरच कोरडी होते. तीन आठवड्यांनी खालचा डाग मात्र दुप्पट झालेला असतो. हे कसे घडते, याचे उत्तर भांड्याच्या रचनेत आहे.

संडासाच्या भांड्यात वळणाची एक नळी असते. तिला ट्रॅप म्हणतात. वापरानंतरही या वळणात थोडे पाणी उरते आणि ते पाणी गटारातील वायूला घरात येऊ देत नाही. ही युक्ती नवी नव्हे. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली अशा वळणाच्या नळीचे पेटंट घेतले. भारतात बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली सुलभ संस्थेचे कार्य सुरू केले, तेव्हा कमी पाण्यात साफ होणारे जे भांडे प्रचारात आणले, त्यातही वीस मिलिमीटर पाण्याचा असाच अडसर ठेवला होता. या चिमूटभर पाण्याचे महत्त्व २००३ साली हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच वसाहतीत जगाच्या ध्यानी आले. तेथील न्हाणीघरांच्या जमिनीतील ट्रॅप कोरडे पडले होते, आणि त्या वाटेने सार्स रोगाचे विषाणू घराघरांत शिरले, असे तपासात दिसून आले. त्या एका वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना रोगाची बाधा झाली.

टाकीतून भांड्यात आणि भांड्यातून मैल्याच्या नळात पाणी जाते, त्या वाटेवर तीन-चार सांधे असतात. पहिला सांधा भिंतीतल्या अँगल कॉकपासून टाकीपर्यंतच्या बारीक नळीचा. दुसरा टाकी आणि भांडे यांमधला, जेथे रबराचे वॉशर असते. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, भांड्याचे तोंड व मैल्याचा नळ यांचा. अमेरिकेत या शेवटच्या सांध्यात मेणाचे कडे बसवतात. आपल्याकडे पूर्वी ताग आणि सिमेंट भरीत असत. आता रबरी किंवा प्लॅस्टिकचा जोड वापरला जातो. सिमेंटचा सांधा टणक असतो, पण त्याला लवचिकता नसते. भांडे किंचित जरी डुलू लागले, तरी त्यास तडा जातो. त्यात आपल्या घरांतून संडास स्वच्छ करण्यासाठी जे ॲसिड ओततात, ते सिमेंटला हळूहळू खाते. भांडे पांढरेशुभ्र दिसत राहते, आणि दृष्टीआड असलेला सांधा पोकळ होत जातो.

आता सफेद सिमेंटचे कोडे उलगडते. बुडाशी येणारे पाणी हा दोष नव्हे, ती दोषाची वर्दी आहे. तिची वाट बुजवली की पाणी थांबत नाही. ते खाली उतरते. पुष्कळ इमारतींत मोरीखालची स्लॅब काहीशी खोल ठेवून तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. त्या भरावात पाणी साठते आणि तेथून खालच्या छतात झिरपते. लोखंडी सळ्यांना गंज चढतो, गंजाने त्या फुगतात आणि सिमेंटचे पोपडे सुटतात. म्हणूनच जाणते कारागीर भांड्याच्या मागील बाजूस कडेला थोडी फट मोकळी सोडतात, म्हणजे पुढे कधी सांधा गळला तर तो लपून राहत नाही.

दोष शोधण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. काही जुनी वर्तमानपत्रे, कपड्यांना घालावयाची नीळ, एक पेन्सिल, एक बादली आणि एक मोकळी दुपार एवढे साहित्य पुरेसे आहे. परीक्षा क्रमाने करावी; कारण क्रम चुकला, तर उत्तरही चुकते.

आरंभी लादी व भांडे पूर्ण कोरडे पुसून घ्यावे. कॉकखाली, टाकीखाली आणि भांड्याच्या बुडाभोवती कागदाच्या पट्ट्या ठेवाव्यात. मग दोन-तीन तास कोणीही तो संडास व मोरी वापरू नये. पाण्याचा कॉक मात्र चालू ठेवावा. एवढ्या वेळात कागद भिजला, तर दोष वापराशी संबंधित नाही. अशा वेळी कोरडे बोट वरून खाली फिरवावे: प्रथम कॉक, मग बारीक नळी, मग टाकीची खालची बाजू, शेवटी शौचास वापरण्याच्या फवाऱ्याची नळी. पाणी सर्वांत उंच जेथे लागते, तेथेच त्याचा उगम. हे पाणी स्वच्छ असते आणि उपाय बहुधा एका वॉशरचा असतो. तथापि त्याची उपेक्षा करू नये. सेकंदास एक थेंब गळला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जमिनीत मुरते. दमट पावसाळ्यात टाकीच्या बाहेरील अंगावर घाम यावा तसे दव धरते, तेही क्वचित फसवते. पण ते सर्व अंगावर सारखे असते, एका सांध्यापाशी नसते.

वरचे सर्व सांधे कोरडे असून केवळ बुडाशीच कागद भिजला, तर भांड्याला तडा गेल्याचा संशय घ्यावा. त्यासाठी कॉक बंद करावा, टाकी एकदा रिकामी करावी आणि भांड्यातील पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी. कॉक बंद करणे अगत्याचे. कारण टाकीची आतली झडप गळत असेल, तर भांडे आपोआप भरत राहते आणि खूण निरर्थक ठरते. रात्रभरात पाणी खुणेच्या बरेच खाली गेले, तर तडा असण्याचा संभव मोठा. मात्र वळणात एखादी चिंधी किंवा केसांचा पुंजका अडकला असेल, तर तोही वातीसारखे पाणी ओढून घेतो. म्हणून वळण साफ करून परीक्षा पुन्हा घ्यावी. तडा गेलेले भांडे मात्र बदलावेच लागते. लांबी भरून ते टिकत नाही.

पहिल्या परीक्षेत कागद कोरडे राहिले, तर दुसरी घ्यावी. टाकीत नीळ कालवून एकदाच पाणी सोडावे. भांड्याच्या मागील बाजूने निळे ओघळ उतरले, तर दोष टाकी व भांडे यांमधील सांध्याचा. ओघळ न दिसता केवळ बुडाशी निळे पाणी आले, तर तिसरी परीक्षा हवी. पुन्हा सर्व कोरडे करून, टाकीला हात न लावता, बादलीने सावकाश पाणी भांड्यात ओतावे. या वेळीही बुडाशी पाणी आले, तर मैल्याच्या नळाशी असलेला खालचा सांधा गळतो असे समजावे. बादलीने पाणी येत नाही आणि टाकी सोडली की येते, असे असेल, तर टाकीकडून येणाऱ्या जोडाकडे पुन्हा पाहावे. एकाच वेळी भांडे दोन्ही हातांनी हळूच हलवून पाहावे. ते डुलत असेल, तर सांधा दुखावला असण्याची शक्यता फार. डुलणाऱ्या भांड्याचे स्क्रू आवळताना एकीकडे थोडे, दुसरीकडे थोडे असे आवळावे; जोर केल्यास चिनी मातीचे भांडे फुटते.

कधीकधी सांधा निर्दोष असतो आणि अडथळा पुढे असतो. पाणी सोडल्यावर भांडे काठोकाठ भरून सावकाश उतरते, किंवा नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज येतो, तेव्हा पुढची वाट तुंबली आहे असे जाणावे. तुंबलेल्या पाण्याचा दाब एरवी टिकणाऱ्या सांध्यातूनही पाणी बाहेर ढकलतो. सखल वस्तीत, पावसाळ्यात, तळमजल्यावर हे विशेष घडते.

सर्व परीक्षा कोरड्या निघूनही खालच्या छतावर डाग असेल, तर संडासाला दोष देऊ नये. नहाणी ट्रॅपचे तोंड फडक्याने घट्ट बुजवून मोरीत दोन बोटे निळे पाणी एक दिवस साठवून ठेवावे. लाद्यांच्या सांध्यांतून अंघोळीचे पाणी उतरत असेल, तर पातळी घटते आणि खालचा डाग वाढतो. उकिडवे बसण्याचे देशी भांडे असेल, तर विशेष सावध राहावे. त्याचा सांधा जमिनीच्या आत असतो, त्यामुळे वर काहीच न दिसता पहिली खूण खालच्या छतावर उमटते. दुरुस्तीनंतरही भरावात साठलेले पाणी काही दिवस ठिबकत राहते, हे दोन्ही घरांनी ध्यानात ठेवावे. लागलीच कारागिराला बोल लावू नये.

खालचा सांधा गळतो तेव्हा येणारे पाणी हे मैल्याचे पाणी असते, याचा विसर पडू नये. दिवसातून वीस वेळा पाणी सोडले आणि दर वेळी एक कप बाहेर आले, तर चार लिटर घाण पाणी घरात मुरले, असा हिशेब होतो. अशा पाण्यातून पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतू पसरतात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि हजारो लोकांना कावीळ झाली. रांगत्या मुलाला लादी आणि तोंड यांत अंतर नसते. म्हणून ती जागा हातमोजे घालून पुसावी व ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी. मात्र ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सुरतेला हा धडा मोठ्या किमतीने मिळाला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भयाने लक्षावधी माणसे हे शहर सोडून गेली. पुढील वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराच्या स्वच्छतेची घडी नव्याने बसवण्यात आली. परंतु रस्त्यावरचे गटार महापालिका पाहू शकते. भिंतीआडचा सांधा घरातल्या माणसानेच पाहावा लागतो. त्यात कमीपणा कसला? १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणास करू द्यावे, यासाठी अप्पासाहेब पटवर्धनांनी अन्न वर्ज्य केले होते.

खालच्या बाई पुन्हा वर येतील, तेव्हा त्यांना आत बोलावून निळीचा रंग दोघींनी मिळून पाहावा. छतावरचा डाग कोणाचा, हा प्रश्न मग वादाचा राहत नाही. दोष एकदा नेमका सापडला, की कारागिराचे काम अर्धे होते आणि शेजाऱ्यांचे भांडण बहुधा पूर्ण मिटते.