लोहमार्ग-पथ

लोहमार्ग-पथ : वाहतूक कायमची बंद झालेल्या लोहमार्गावरील रूळ व स्लीपर काढून त्याच्या तळावर पादचारी, सायकलस्वार आणि बहुधा घोडेस्वार यांच्यासाठी तयार केलेला, मोटारवाहनांना बंद असलेला मार्ग. भराव, खोदाई, पूल व बोगदे ही मूळ लोहमार्गाची बांधकामे त्यात जशीच्या तशी उपयोगात आणली जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्ता-वाहतुकीच्या स्पर्धेमुळे अनेक देशांत कमी उत्पन्नाचे लोहमार्ग बंद पडले, तेव्हा असे पथ वाढीस लागले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य, स्पेन (१९९३ पासूनचा ‘हरित मार्ग’ कार्यक्रम), न्यूझीलंडमधील ओटागो प्रांत (सु. १५० किमी. लांबीचा पथ, २०००) ही त्यांची प्रसिद्ध क्षेत्रे होत. मात्र डोंगराळ ग्रामीण मुलखात असे पथ कसे तयार झाले, कसे टिकले आणि त्यांच्यावरून कोणते वाद उद्‌भवले, हे इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट या प्रदेशात सर्वांत स्पष्टपणे दिसते. येथे अवघ्या काही किलोमीटरांच्या अंतरात चार भिन्न प्रकारचे लोहमार्ग पथांत रूपांतरित झालेले आहेत.

पीक डिस्ट्रिक्ट हा पेनाइन पर्वतश्रेणीच्या दक्षिण टोकाचा भाग असून तो मुख्यतः डर्बीशर व काही अंशी स्टॅफर्डशर आणि इतर परगण्यांत मोडतो. १९५१ मध्ये ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो घोषित झाला. भारतातील राष्ट्रीय उद्यानाप्रमाणे ही निर्मनुष्य वनभूमी नव्हे. खेडी, शेते, मेंढ्यांची कुरणे आणि दगडाच्या खाणी यांसह नांदता असलेला हा मुलूख आहे. त्याचा दक्षिण भाग चुनखडकाचे पठार असून नद्यांनी त्यात खोल, उभ्या कड्यांच्या दऱ्या कोरल्या आहेत. साहजिकच येथील गावरस्ते एका दरीत उतरतात आणि लगेच दुसऱ्या बाजूने चढतात. काही ठिकाणी त्यांचा चढ ६ ते ८ मध्ये १ इतका तीव्र असतो. अशा प्रदेशात सायकल हे सर्वसामान्य माणसाचे वाहन होणे कठीणच.

लोहमार्गाची गोष्ट वेगळी. पोलादी चाक व पोलादी रूळ यांतील घर्षण अल्प असल्याने आगगाडी सपाटीवर थोड्या शक्तीने मोठा भार ओढते. परंतु त्याच कारणाने चढावर तिची चाके लवकर घसरू लागतात. म्हणून लोहमार्ग आखताना अभियंते सहसा ५० ते १०० मध्ये १ यापेक्षा तीव्र चढ टाळतात आणि त्यासाठी डोंगर फोडतात व दऱ्या भरून काढतात. एंजिनाच्या या दुबळेपणाचा लाभ पुढे सायकलस्वाराला मिळाला. स्वार व सायकल मिळून वजन ९० किग्रॅ. धरल्यास ताशी १५ किमी. वेगाने ६० मध्ये १ चढ चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. ६० वॉट शक्ती लागते. ८ मध्ये १ चढावर त्याच वेगासाठी ती सु. ४६० वॉट होते. हवेचा व जमिनीचा विरोध यांत धरलेला नाही. सराव नसलेला निरोगी मनुष्य दीर्घकाळ सु. १०० वॉट शक्ती देऊ शकतो. वेग थोडा कमी ठेवला, की पहिला चढ त्याच्या आवाक्यात येतो. दुसऱ्या चढावर त्याला खाली उतरून सायकल ढकलावी लागते. लहान मुले व वृद्ध या पथांवर मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे कारण वाहनांच्या अभावाइतकेच या चढाच्या सौम्यतेतही आहे.

या नियमाला असलेला अपवाद याच प्रदेशात आढळतो. क्रॉमफर्ड अँड हाय पीक हा लोहमार्ग क्रॉमफर्ड कालवा व व्हेली ब्रिज येथील पीक फॉरेस्ट कालवा यांना जोडण्यासाठी १८३०–३१ मध्ये खुला झाला. पाणी झिरपून जाणाऱ्या चुनखडकाच्या उंच पठारावर कालवा भरता ठेवणे अशक्यप्राय होते. म्हणून जोसायस जेसप या अभियंत्याने सु. ५३ किमी. लांबीचा लोहमार्ग आखला. तो आखताना विचार मात्र कालव्याचाच होता. कालव्यात लांब सपाट पट्टे आणि मध्ये पाणी चढविणारे दरवाजे असतात, तसे येथे सौम्य पट्टे आणि त्यांमध्ये तीव्र उतरणी ठेवण्यात आल्या. उतरणीवरील वाघिणी माथ्यावरील स्थिर वाफ-एंजिनांनी साखळदंडाने (पुढे तारदोराने) ओढल्या जात. मिडलटन येथील एंजिनघर व त्यातील १८२९ चे एंजिन जतन करण्यात आले आहे. शीप पाश्चर उतरणीवर १८८८ मध्ये सुटलेल्या वाघिणी इतक्या वेगाने खाली आल्या, की त्या पायथ्याचा कालवा व त्यालगतचा लोहमार्ग ओलांडून पलीकडे जाऊन पडल्या. त्यानंतर पळून आलेल्या वाघिणी अडविण्यासाठी तेथे खड्डा खणण्यात आला. हा मार्ग १९६७ मध्ये बंद झाला. त्याच्या सु. २८ किमी. लांबीच्या भागाला आता हाय पीक पथ म्हणतात. पठारावरून तो जवळजवळ सपाट जातो. उतरणींवर मात्र चढ ८ मध्ये १ च्या आसपास असल्याने नवख्या स्वाराने तेथे पायी चालणेच श्रेयस्कर.

पार्सली हे येथे या पथाला टिसिंग्टन पथ मिळतो. तो ॲशबर्नपर्यंत सु. २१ किमी. लांबीचा असून १८९९ मध्ये खुल्या झालेल्या बक्स्टन–ॲशबर्न लोहमार्गाच्या तळावर आहे. या मार्गाने खाणीतील दगड जाई व पठारावरील शेतकऱ्यांचे दूध लंडनकडे रवाना होई. वस्ती विरळ असल्यामुळे प्रवासी कधीच पुरेसे नव्हते. १९५४ मध्ये नियमित प्रवासी वाहतूक थांबली आणि १९६७ पर्यंत उरलेली मालवाहतूकही टप्प्याटप्प्याने संपली. याच सुमारास, १९६३ मध्ये, रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने ब्रिटनमधील सु. ८,००० किमी. लोहमार्ग व दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली होती आणि देशभर ओसाड लोहमार्गांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा होता. बहुतेक ठिकाणी उत्तर सोपे होते : रूळ भंगारात विकावेत आणि जमीन लगतच्या मालकांना द्यावी. राष्ट्रीय उद्यानाच्या नियोजन मंडळाने मात्र १९६८ मध्ये ॲशबर्नकडील संपूर्ण मार्ग सलग विकत घेतला. १९७१ मध्ये तो जनतेस खुला झाला व त्याच वर्षी मंडळाने काउंटी कौन्सिलच्या साहाय्याने हाय पीक मार्गही मिळविला. हा निर्णय दूरदर्शीपणाचा होता. लोहमार्गाचा तळ ही काही मीटर रुंद व अनेक किलोमीटर लांब अशी विचित्र आकाराची मालमत्ता असते. शेतजमीन म्हणून तिला फारशी किंमत नाही. तिचे सारे मूल्य सलगपणात असते. मध्ये एक पूल पाडला किंवा एका खोदाईत भर टाकून घर बांधले, की उरलेल्या दोन तुकड्यांचा पथ म्हणून उपयोग फार कमी होतो आणि तो सलगपणा पुन्हा विकत घेणे जवळजवळ अशक्य असते. इंग्लंडमधील शेकडो लोहमार्गांचे असेच झाले.

मॅनिफोल्ड पथ हा या सर्वांहून जुना असून मराठी वाचकाला त्याचे विशेष अगत्य वाटावे. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड हा सु. १३ किमी. लांबीचा अरुंदमापी (७६२ मिमी.) लोहमार्ग १९०४ मध्ये हॅम्प्स व मॅनिफोल्ड या नद्यांच्या दऱ्यांतून टाकण्यात आला. त्यामागे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या कल्पना होत्या. सोलापूर जिल्ह्यात १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे ते प्रवर्तक होत. अरुंद मापाच्या परंतु नीट बांधलेल्या मार्गावर सर्व आसांवरील भार सारखा ठेवल्यास कमी खर्चात मोठी वाहतूक करता येते, हे त्यांनी बार्शी येथे सिद्ध केले होते. दोन्ही मार्गांची माप एकच, आणि एंजिनेही लीड्स येथील किटसन कंपनीचीच. मॅनिफोल्डच्या एंजिनांना मोठे पुढील दिवे बसविलेले असत व त्यामुळे इंग्रजी निसर्गात ती काहीशी भारतीय भासत. एका एंजिनाला कॅल्थ्रॉप यांचेच नाव होते. बार्शीच्या मार्गाला दुष्काळी मुलखातील धान्य, कापूस व पंढरीचे वारकरी यांचा आधार मिळाला. तो लातूर, पंढरपूर व मिरजेपर्यंत वाढला आणि पुढे रुंदमापी होऊन आजही चालू आहे. मॅनिफोल्डच्या दरीत मात्र मुख्य माल दुधाचाच. एक्टन येथील दुग्धालय १९३२ मध्ये बंद पडताच मार्गाचा पाया ढासळला व १९३४ मध्ये तोही बंद झाला. रेल्वे कंपनीने त्याचा तळ स्टॅफर्डशर काउंटी कौन्सिलला दिला आणि १९३७ मध्ये तेथे डांबरी पथ खुला झाला. बोगद्यासह त्याच्या एका तुकड्यावर मात्र मोटारींनाही प्रवेश आहे. तेव्हा ‘वाहनमुक्त’ हे विशेषण त्याला पूर्णतः लागू पडत नाही.

वरील तिन्ही मार्ग दुय्यम दर्जाचे होते. मॉन्सल पथ मात्र मिडलंड रेल्वेच्या लंडन–मँचेस्टर या प्रमुख मार्गाच्या तळावर आहे. वाय नदीच्या अरुंद दरीतून तो १८६३ मध्ये काढण्यात आला, तेव्हा कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी तीव्र निषेध केला होता. थोडा वेळ वाचविण्यापायी एक सुंदर दरी नष्ट केली, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. त्यांच्या रोषाला कारण झालेला हेडस्टोन येथील पाच कमानींचा पूल पुढे संरक्षित वास्तू म्हणून नोंदला गेला आणि आज पर्यटक त्याचीच छायाचित्रे घेतात. १९६८ मध्ये मार्ग बंद झाला. १९८१ मध्ये पथ खुला करण्यात आला. परंतु हेडस्टोन, क्रेसब्रुक, लिटन व ची टॉर हे चार मोठे बोगदे असुरक्षित म्हणून बंदच होते. त्यांना वळसा घालण्यासाठी डोंगरावरून पायवाटेने चढउतार करावी लागे व सायकल नेणे कठीण जाई. म्हणजे नाव पथाचे असले, तरी सलगपणा नसल्याने तीस वर्षे सायकलस्वाराच्या दृष्टीने तो तुकड्यांतच राहिला. मे २०११ मध्ये सु. २२.५ लाख पौंड खर्चून बोगदे दुरुस्त करण्यात आले व त्यांत दिवसा दिवे लावण्याची सोय झाली. तेव्हा बेकवेलपासून ब्लॅकवेल मिलपर्यंत सु. १३.७ किमी. सलग मार्ग मिळाला.

पथांचा पृष्ठभाग बहुतांशी दाबून बसविलेल्या चुनखडकाच्या भुग्याचा असतो. पावसात त्याचा पांढरा राडा सायकलीच्या साखळीवर उडतो. जुन्या स्थानकांच्या जागी सायकली भाड्याने देण्याची केंद्रे, उपाहारगृहे व वाहनतळ झाले आहेत. हार्टिंग्टन येथे सिग्नलची जुनी चौकी जपलेली आहे. बहुसंख्य लोक तेथपर्यंत मोटारीनेच येतात, ही या पथांतील एक विसंगती होय. ज्या खेड्यांतील माणसे पूर्वी आगगाडीने बाजाराला जात, त्यांच्या गरजा पथाने भागत नाहीत. पथाचा उपयोग मुख्यतः सुटीच्या दिवशीचा आहे.

लोहमार्गाच्या कडेची जमीन शंभर-दीडशे वर्षे नांगरली गेली नाही व तिला खतेही मिळाली नाहीत. त्यामुळे इतरत्र दुर्मिळ झालेली चुनखडकावरील रानफुले, उदा., काउस्लिप व काही आमरे (ऑर्किडे), खोदाईच्या उतारांवर आढळतात. एंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी गवत अधूनमधून जळे, रेल्वे-कामगारही उतार साफ ठेवीत. गाड्या थांबल्यावर तेथे झुडपे माजू लागली. आता ती हाताने तोडावी लागतात किंवा गुरे चारून आटोक्यात ठेवावी लागतात. अलीकडे ॲश वृक्षांवरील बुरशीजन्य रोगामुळे पथालगतची अनेक झाडेही पाडावी लागली आहेत. पूल, बोगदे व कडे यांच्या देखभालीचा बोजा पथाच्या मालकावर कायम राहतो. त्यावरून गाडी जावो वा सायकल, दगडी कमानीत पाणी मुरावयाचे थांबत नाही.

अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने बंद होणारा मार्ग भावी रेल्वेसाठी राखून ठेवून तोपर्यंत पथ म्हणून वापरण्याची तरतूद झाली. अशा ठिकाणी पथ हा तत्त्वतः तात्पुरता वापर असतो. इंग्लंडमध्ये त्या स्वरूपाची व्यवस्था नसल्याने मॉन्सल पथाबाबत वाद निर्माण झाला आहे. मॅटलॉक ते बक्स्टन हा लोहमार्ग पुन्हा सुरू करावा, म्हणजे खाणींतील दगडाची वाहतूक व पर्यटक रस्त्यावरून हटतील, अशी मागणी वारंवार होते. २००४ मध्ये काउंटी कौन्सिलने करविलेल्या पाहणीत त्या वेळी हा प्रकल्प किफायतशीर ठरणार नाही, तथापि तळ मोकळा ठेवावा, असे मत व्यक्त झाले. त्यानंतरही मागणी थांबलेली नाही. अरुंद दरीत व बोगद्यांत रेल्वे आणि पथ शेजारी शेजारी बसविणे दुष्कर आहे. पथ झाला नसता, तर तळाचे तुकडे होऊन रेल्वेच्या पुनरुज्जीवनाचा विचारही कोणी केला नसता. आता मात्र ज्यांनी हा तळ सलग राखला त्यांच्याच हातून तो जाण्याची शक्यता या मागणीत आहे. बेकवेलच्या दक्षिणेस हॅडन हॉलजवळील जुना बोगदा अद्याप पथात समाविष्ट झालेला नाही आणि तो जोडावा ही सायकलस्वारांची मागणीही तितकीच जुनी आहे.