ब्राउनसी बेटावरील छावणी

उन्हाळ्याची सुटी लागली कीं शहरांतल्या घराघरांतून एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. मुलाला डोंगरावर जावयाचें असतें, नदीकांठीं तंबूंत राहावयाचें असतें. आईला पाण्याची, सापाकिरडाची आणि तापाची भीति वाटते. वडील विचारतात, ‘यांतून शिकणार काय?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. रानांत मिळतें तें खरोखर शिक्षण आहे काय, आणि त्यासाठीं पत्करलेला धोका योग्य आहे काय, याचें एक उत्तर १९०७ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका लहानशा बेटावर शोधलें गेलें. शोधणारा गृहस्थ पन्नास वर्षांचा होता आणि पेशानें सेनापति होता. त्याचें नांव रॉबर्ट बेडन-पॉवेल.

बेडन-पॉवेल यांचा जन्म १८५७ सालचा. ते तीन वर्षांचे असतांनाच वडील वारले. पुढें ते चार्टरहाउस या प्रसिद्ध शाळेंत शिकावयास गेले. शाळेला लागून एक झाडी होती व तींत जाण्याची मुलांना मनाई होती. अर्थात् हा मुलगा तेथेंच जाऊन बसे. ससा पकडून तो विस्तवावर भाजावयाचा, पण मास्तरांना धूर दिसतां कामा नये. म्हणून कोणतीं लांकडें धूर करतात व कोणतीं करीत नाहींत, पाऊल कसें टाकलें म्हणजे वाळलें पान वाजत नाहीं, हें तो आपोआप शिकला. कोणत्याहि वर्गांत हा धडा नव्हता. तरी तो जन्मभर पुरला. कारण तो गरजेपोटीं शिकलेला होता आणि त्यांतील चुकीची किंमत लागलीच मोजावी लागत होती.

लष्करांत गेल्यावर त्यांनीं टेहळणीच्या विद्येवर शिपायांसाठीं एक पुस्तक लिहिलें. तें १८९९ सालीं निघालें. त्याच सालीं दक्षिण आफ्रिकेंत मॅफेकिंगला वेढा पडला व तो २१७ दिवस टिकला. त्या वेळीं गांवांतील पोरवयाच्या मुलांकडे निरोप पोंचविण्याचें काम दिलेलें होतें, आणि विश्वास टाकला कीं मुलें तो सार्थ करतात, असें सेनापतींना दिसून आलें. ते मायदेशीं परतले तों शिपायांचें तें पुस्तक शिक्षक आणि मुलें वाचूं लागलीं होतीं. तेव्हां मुलांकरितां निराळें पुस्तक लिहावें, असें त्यांनीं योजिलें. परंतु लिहिण्यापूर्वीं आपल्या कल्पना खऱ्या मुलांवर पारखून घ्याव्या, म्हणून त्यांनीं पूलच्या बंदरांतील ब्राउनसी बेट निवडलें.

१ ऑगस्ट १९०७ रोजीं छावणी सुरू झाली. मुलें वीस-एकवीसच होतीं. त्यांतलीं निम्मीं ईटन, हॅरो अशा बड्या शाळांतलीं. उरलेलीं पूल व बोर्नमथ या गांवांतील सामान्य घरचीं. पहिल्यांना एक पौंड फी होती, दुसऱ्यांना साडेतीन शिलिंग. पण बेटावर पाऊल ठेवतांच हा भेद संपला. चार तुकड्या पाडण्यांत आल्या. त्यांचीं नांवें लांडगे, बैल, कावळे व कुरल पक्षी. प्रत्येक तुकडीचा खांद्यावर लावण्याचा लोकरी गोंडा निराळ्या रंगाचा होता. एका तुकडीचा एक तंबू, आणि तिचा नायक त्यांच्यांतलाच एक मुलगा. तुकडींत कोणी चुकला तर जाब त्या नायकानें द्यावयाचा. या एका व्यवस्थेंत बेडन-पॉवेल यांची सगळी शिक्षणपद्धति सांठविलेली आहे. मोठ्या माणसानें वीस मुलांना हुकूम सोडण्याऐवजीं चार मुलांवर भार टाकावयाचा, आणि आपण थोडें दूर उभें राहावयाचें.

सकाळीं सहा वाजतां कुडू नांवाच्या आफ्रिकेंतील हरणाच्या पिळदार शिंगाच्या आवाजानें छावणी जागी होई. दुपारच्या जेवणानंतर सक्तीची विश्रांति असे. त्या वेळांत कोणी बोलावयाचेंहि नाहीं. प्रत्येक दिवसाला एक विषय नेमलेला होता: कधीं तंबू, गांठी व चुली, कधीं निरीक्षण, कधीं पशुपक्ष्यांचा माग, तर कधीं जीव वांचविण्याची कला. शिकविण्याची रीत मोठी मार्मिक होती. आदल्या रात्रीं शेकोटीभोंवतीं त्या विषयावरची एखादी गोष्ट सांगावयाची, सकाळीं तीच गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवावयाची, आणि मग खेळांतून मुलांकडून करवून घ्यावयाची. हरणाचा माग काढावयाचा असेल तर एक मुलगा हरीण होई व चेंडू घेऊन रानांत लपे. देवमाशाची शिकार असेल तर पाण्यांत एक ओंडका सोडीत, आणि दोन होड्या त्याच्यामागें लागत. गोष्टीनें मन उत्सुक होई, प्रात्यक्षिकानें शंका फिटे, आणि खेळानें विद्या अंगवळणीं पडे.

पण छावणीचा खरा गाभा रात्रीं दिसे. दररोज पाळीपाळीनें एक तुकडी शिधा, भांडें, कांबळीं व काड्याची पेटी घेऊन मुख्य छावणीपासून दूर, नेमून दिलेल्या जागीं जाई. तेथें मुलांनीं आपली चूल आपण पेटवावी, रांधावें, जेवावें व पहारे बसवावे. मग अंधारांत इतर तुकड्यांचे नायक आणि स्वतः सेनापति सरपटत येऊन त्यांच्या पहाऱ्याची परीक्षा घेत. अकराच्या सुमारास पहारे उठवून सर्वांनीं झोंपावयाचें. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा काळोखांत एकटा उभा राहून आपल्या झोंपलेल्या मित्रांची राखण करतो, तेव्हां त्याला जबाबदारी या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं. मात्र ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, त्या मुलाला आपण एकटे आहों असें वाटत होतें. वस्तुतः त्याचा वडील नायक त्याच झुडपांत कोठें तरी जागा होता.

हा शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, हें पुढें एका दुःखद प्रसंगानें जगाला कळलें. १९०८ सालीं बेडन-पॉवेल यांचें पुस्तक खंडशः प्रसिद्ध झालें व बालवीरांचीं पथकें गांवोगांव निघालीं. १९०९ सालीं लंडनच्या मेळाव्यांत मुलीहि येऊन उभ्या राहिल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्यासाठीं निराळी संस्था निघाली. उत्साहाला भरती आली होती. अशांत ४ ऑगस्ट १९१२ रोजीं लंडनच्या वॉलवर्थ भागांतील एक पथक उन्हाळी छावणीसाठीं बोटींतून लेसडाउनकडे निघालें असतां, किनारा जवळ आल्यावर वाऱ्याच्या अकस्मात् झोतानें बोट उलटली. नऊ मुलें बुडालीं. त्यांचे देह लंडनला आणण्यासाठीं आरमाराची युद्धनौका पाठवावी लागली.

साहसाचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकानें त्या नऊ मुलांची आठवण ठेवली पाहिजे. वारा कोणाच्या हातचा नसतो; पण वाऱ्याचा अंदाज, बोटीवरचा भार व पोहतां न येणारांची मोजदाद हीं माणसाच्या हातचीं असतात. बालवीरांचें ब्रीद ‘सदा सज्ज राहा’ असें आहे. तें मुलांइतकेंच, किंबहुना अधिक, नायकाला लागू आहे. १९१९ सालीं लंडनजवळ गिलवेल येथें नायकांच्या शिक्षणाचें केंद्र निघालें, त्यांत प्रौढ माणसांनाहि तुकड्या करून तंबूंत राहावें लागे, तें याच कारणानें. मुलांकडून जें करवून घ्यावयाचें, तें आपण आधीं केलेलें असलें पाहिजे.

हिंदुस्थानांत हे लोण आलें तें प्रथम युरोपियन मुलांपुरतेंच. हिंदी मुलांना दार बंद होतें. तेव्हां १९१६ सालीं मद्रासेंत ॲनी बेझंट यांनीं हिंदी बालवीरांची स्वतंत्र संस्था काढली. १९२१ सालीं बेडन-पॉवेल या देशांत आले व तो भेद मोडला. पुढें ७ नोव्हेंबर १९५० रोजीं भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था निर्माण झाली. ब्राउनसीवर ईटनच्या मुलाशेजारीं कामकऱ्याचा मुलगा झोंपला होता. त्याच कल्पनेला साम्राज्यांतील वर्णभेद ओलांडावयास एवढा काळ लागला.

बेडन-पॉवेल १९४१ सालीं केनियांत वारले. त्यांच्या एका आठवड्याच्या छावणीनें घरांतल्या वादाचें उत्तर दिलें आहे, पण तें मुलाला उद्देशून नाहीं. मुलाला छावणीस पाठवावें कीं नाहीं, हें मुलाकडे पाहून ठरत नाहीं. नायकाकडे पाहून ठरतें. तो काम मुलांवर सोंपवितो काय, आणि सोंपवून स्वतः जागा राहतो काय, एवढें आईवडिलांनीं अवश्य विचारावें. दोन्ही उत्तरें होकारार्थी आलीं, तर मुलाची वळकटी बांधावयास हरकत नाहीं.