घराची डागडुजी, लेखांक ९ : खिडकीतलं पाणी येतं कुठून?

मागच्या लेखांकात मंगळुरी कौलांची गळती झाली. आज खिडक्या, आणि त्याही नव्या, पांढऱ्या, प्लास्टिकच्या चौकटीच्या, ज्यांना बाजारात यूपीव्हीसी म्हणतात. बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर इथल्या जुन्या घरांना लाकडी झडपा आणि लोखंडी गज असायचे. साग परवडेनासा झाला, पावसात फुगलेल्या झडपेला रंधा मारायला सुतार मिळेनासा झाला आणि अनगोळपासून निपाणीच्या नव्या वसाहतींपर्यंत ही प्लास्टिकची चौकट शिरली. तिला वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही, हे खरं. ‘एकदा बसवली की बघायला नको’ हे मात्र विकणाऱ्याचं बोलणं. बघावं लागतं. आणि जे बिघडतं ते बहुतेक वेळा प्लास्टिक नसतंच.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात. पीव्हीसी मऊ करणारी द्रव्यं न घालता बनवलेलं हे कडक प्लास्टिक. १९५०च्या दशकात जर्मनीत त्याच्या खिडक्या निघाल्या. कप्प्याकप्प्यांच्या पोकळ पट्ट्या मापाने कापायच्या, त्यांचे कोपरे तापवून एकमेकांत वितळवून जोडायचे, आणि ताकदीसाठी पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सरकवायची. ही पट्टी बाहेरून दिसत नाही, म्हणून पैसे वाचवायचे झाले की पहिला हात तिच्यावरच पडतो. चांगला जोरकस लोहचुंबक चौकटीवर फिरवून पाहा. आत लोखंड असेल तर ओढ जाणवते. घर बांधत असाल तर ही परीक्षा हप्ता देण्याआधी करा, नंतर नाही.

आपल्या भागातली पहिली तक्रार पाण्याची. जुलैत पश्चिमेकडून झड लागली की सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाणी साठतं, रात्रीतून ते कट्ट्यावर येतं आणि सकाळी कट्ट्याखालच्या रंगाला फोड आलेले दिसतात. घरमालक सिलिकॉनची नळी आणतो आणि जिथे फट दिसेल तिथे भरतो. चौकटीच्या खालच्या पट्टीत, बाहेरच्या अंगाला, दोन-तीन आडव्या खाचा असतात, कधी त्यांच्यावर प्लास्टिकची छोटी टोपणं असतात. त्या त्याला पाणी शिरण्याची जागा वाटतात, म्हणून त्याही बुजवतो. खिडकीचा घात तिथे होतो.

सरकत्या खिडकीत थोडं पाणी शिरणार हे बनवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं असतं. पल्ला सरकायचा तर फट हवी, आणि त्या फटीत केसाळ ब्रशची पट्टी असते. ती वारा आणि धूळ अडवते, झडीचं पाणी पूर्ण अडवत नाही. शिरलेलं पाणी रुळात उतरावं, रुळातल्या भोकांमधून पट्टीच्या पोकळीत जावं आणि बाहेरच्या खाचांतून पडावं, अशी ती रचना आहे. आतली भोकं आणि बाहेरच्या खाचा मुद्दाम समोरासमोर ठेवत नाहीत, म्हणजे वाऱ्याचा झोत सरळ आत येत नाही. बाहेरची खाच बुजली की रुळाची टाकी होते, आणि टाकी भरली की ओसंडते.

खाचा मोकळ्या असूनही मोठ्या झडीत पाणी आत येतं, त्याचं कारण वारा. वारा भिंतीवर आदळला की बाहेरचा दाब घरातल्या दाबापेक्षा वाढतो. ताशी ६५ किलोमीटरचा झोत समोरून आला तर दोन्हींतला फरक साधारण दोन सेंटीमीटर उंचीचं पाणी तोलून धरण्याइतका असतो. म्हणजे रुळातलं पाणी बाहेर जाऊ बघतं आणि वारा त्याला तिथेच थोपवून धरतो. रुळाची आतली कड दोन सेंटीमीटरची असेल तर तेवढा वेळ पाणी कट्ट्यावर येणारच. झोत ओसरला की ते आपोआप निघून गेलं तर खिडकी निर्दोष आहे असं समजा. पश्चिमेच्या भिंतीला छज्जा न देता मोठी सरकती खिडकी लावण्याचा निर्णय ज्याने घेतला, दोष त्याच्याकडे जातो. खानापूर, जांबोटीच्या बाजूला तर अशा भिंतीला बाहेर उघडणारी, रबराच्या पट्टीवर दाबून बसणारी पल्ल्याचीच खिडकी घ्यावी. गाव सह्याद्रीच्या जितकं जवळ तितका हा सल्ला खरा. निपाणीकडे पाऊस कमी, तिथे सरकती चालते.

तपासणी सोपी आहे. पल्ले बाजूला सारून रुळातली माती कोरड्या ब्रशने काढा. ओली असताना खरवडली तर आपली तांबडी माती चिखल होऊन भोकातच बसते. प्लास्टिकची केबल टाय किंवा झाडूची काडी भोकांतून फिरवा. लोखंडी तार नको, ती आत ओरखडे पाडते. मग तांब्याभर पाणी रुळात ओता आणि कोणाला तरी बाहेर उभं करा. पाणी खाचेतून पडलं तर काम झालं. रुळातून गेलं पण बाहेर दिसलं नाही, तर ते भिंतीत जातंय. अशा वेळी तीन जागा बघायच्या. एक, ग्रिल. ते बसवणाऱ्याने खालच्या पट्टीतून स्क्रू ठोकले असतील तर प्रत्येक भोक गळतं. स्क्रू काढून, भोकात सिलिकॉन भरून, पुन्हा आवळावे लागतात. दोन, कोपऱ्याचा जोड. चौकट ओढाताणीत बसवली असेल तर तो तडकतो. केसासारखी चीर यूपीव्हीसीच्या खास गोंदाने भरते. बोटाला हलणारा कोपरा मात्र चौकट बदलूनच सुटतो. तिसरी जागा आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते. कट्ट्याचा ग्रॅनाइट चौकटीनंतर बसवला जातो, आणि गवंडी तो बाहेरच्या बाजूला खाचांच्या वर आणून ठेवतो. वरून पुट्टी, वरून रंग. घर देखणं दिसतं आणि पाण्याचं तोंड बंद झालेलं असतं. ग्रॅनाइटची बाहेरची कड कापून उतार बाहेर काढणं एवढाच उपाय आहे. खर्चिक आहे, पण दर वर्षी आतली भिंत रंगवण्यापेक्षा स्वस्त.

आता चौकट आणि भिंत यांच्यामधली फट. बरेच गवंडी ती सिमेंटने नाहीतर पुट्टीने भरतात, आणि दोन उन्हाळ्यांत तिथे चीर उमटते. पीव्हीसी उन्हात लोखंडाच्या जवळपास सहापट ताणलं जातं. मोकळी सोडली तर एक मीटर लांबीची पट्टी दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते. सहा फुटी चौकट पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ३० अंश तापली, तर जवळपास चार मिलिमीटर. तपकिरी किंवा लाकडी छटेची चौकट पांढरीपेक्षा बरीच जास्त तापते, म्हणून तिची ओढही जास्त. सिमेंट ताणलं जात नाही, तडकतं. फटीत आतून फोम आणि बाहेरून सिलिकॉन हवं. फोम उघडा ठेवू नये, उन्हाने त्याचा भुगा होतो. सिलिकॉन घेताना नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं पाहून घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही आणि लोखंडाला गंज आणतं. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. जुनं ब्लेडने मुळापासून कापून काढायचा कंटाळा करणारा मिस्त्री दिसला की त्याला तिथेच थांबवा.

पाणी संपलं. बाकीच्या तक्रारी हलक्या आहेत.

पल्ला जड सरकतो. तेल घालू नका. खोबरेल असो की मशीनचं, त्यावर धूळ बसून आठवड्यात गाळ होतो. महामार्गाजवळच्या आणि निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींजवळच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. रूळ साफ करून सिलिकॉनचा स्प्रे मारा. तरी जड असेल तर पल्ल्याच्या दोन्ही उभ्या कडांना, अगदी तळाशी, छोटं भोक असतं, त्याच्या आत रोलरची उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. पल्ला खाली बसला असेल तर तो थोडा उचलायचा, दोन्ही बाजूंना सारखा. लॉक जुळत नसेल तर कारण बहुधा हेच असतं. पल्ला एका बाजूने खचल्यामुळे हूक आपली जागा चुकतो, आणि लोक लॉक बदलत बसतात. रोलरच झिजला असेल तर पल्ला वर उचलून, तळ आत ओढून काढावा लागतो. वरच्या मजल्यावर हे काम दोघांनी करायचं, आणि पल्ला घरातच घ्यायचा. जुना रोलर खिशात घालून दुकानात जा, कारण दहा जातींचे रोलर दिसायला सारखेच असतात. उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घडतात, आणि एवढ्याशा चाकासाठी आपण दुकानं पालथी घालतो! निपाणीकरांना तर बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. त्यांनी सरळ तिकडचं दुकान गाठावं.

उघडणारा पल्ला तळाशी घासतो, याला आपला मिस्त्री बिजागरीचा दोष म्हणतो. कधी असतोही. पण आधी काच बघावी. अशा पल्ल्यात काच नुसती बसवत नाहीत. बिजागरीच्या बाजूला खाली आणि तिच्या तिरप्या समोर वर प्लास्टिकच्या पाचरी घालून ती ताणून बसवतात, म्हणजे काचच पल्ल्याला तिरका आधार देते. पाचरी कमी पडल्या किंवा सरकल्या की पल्ला चौकोनी राहत नाही, मोकळ्या कोपऱ्यात लोंबतो. काचेभोवतीची बीडिंगची पट्टी लांबीच्या मधोमध पातळ पट्टीने उचकटून काढायची, कोपऱ्यातून सुरुवात केली तर ती मोडते. मग पल्ला उचलून धरून पाचरी वाढवायच्या आणि बीडिंग ठोकून बसवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. खालच्या-वरच्या लोखंडी सरकत्या बिजागऱ्या गंजून ढिल्या झाल्या असतील तर दोन्ही एकदम बदला, आणि नव्या स्टेनलेसच्याच घ्या. स्क्रू फिरत राहून धरत नसेल, तर लोहचुंबकाची परीक्षा आठवा; आत लोखंड नसेल तर स्क्रू प्लास्टिकला किती धरणार?

दुहेरी काचेच्या खिडक्या आपल्याकडे थोड्या, बहुधा रेल्वेमार्गाच्या किंवा महामार्गाच्या आवाजाला कंटाळून घेतलेल्या. थंडीत पहाटे खोलीच्या बाजूने काचेवर वाफ धरली तर ते घरातलंच बाष्प, फडक्याने पुसा. दोन काचांच्या मध्ये धुकं आलं तर काचांचा जोड फुटला आहे आणि आतलं पाणी शोषणारं द्रव्य संपलं आहे. काचेला भोक पाडून वाळवून देतो म्हणणारे भेटतात. तिकडे पैसे घालू नका. चौकट तशीच राहते, फक्त काचेची जोडी बदलते.

पिवळेपणाबद्दल अनेक जण विचारतात. पांढऱ्या पट्टीत टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, ते ऊन झेलतं. त्यात काटकसर केलेली पट्टी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पिवळी पडते आणि परत पांढरी होत नाही. वरवरचा मळ साबणाच्या पाण्याने जातो. थिनर, ॲसिटोन, संडास धुण्याचं ॲसिड यांतलं काहीही लावलं तर चकाकी कायमची जाते. नव्या चौकटीवरची संरक्षक पातळ पट्टी ‘वास्तुशांतीपर्यंत राहू दे’ म्हणून ठेवणारेही बरेच. उन्हात महिनोन्महिने राहिली की ती चौकटीला अशी चिकटते की नखाने निघत नाही. बांधकाम संपलं की लगेच काढा.

पुराच्या गावांसाठी दोन शब्द वेगळे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट महामार्गावर आलं. काठच्या गावांत घरात पाणी शिरलं तर लाकडी खिडकी फुगते, प्लास्टिकची तशीच दिसते, म्हणून लोक ती विसरतात. पण पोकळ कप्प्यांत गाळ भरलेला असतो. तो वाळण्याआधी पल्ले काढून, रुळातल्या भोकांतून स्वच्छ पाणी सोडून, बाहेरच्या खाचांतून गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. लॉक आणि बिजागऱ्या पुसून कोरड्या करा. गंज धरतो तो तिथे.

सिलिकॉनच्या कामाला भिंत कोरडी हवी. वळवाचे दोन पाऊस झाले की गळतीची जागा कळते, आणि मधल्या उन्हात भिंत वाळते. मृगाच्या आत काम उरकायचं ते तेव्हाच. आषाढात एखादा मिस्त्री तयार झाला तर त्याच्याकडून रूळ आणि खाचा साफ करून घ्या, पाचरी-रोलर बघून घ्या. ओल्या भिंतीवर सिलिकॉन मारू देऊ नका, ते दसऱ्यानंतर.

पुढच्या आठवड्यात : गच्चीची फरशी आणि तिच्या सांध्यांतलं पाणी.