फेरी थांबवण्याचा हक्क

पहाटे साडेपाच

समजा, मार्गशीर्षातला शनिवार आहे आणि तिथी शुद्ध द्वादशी. अलिबाग तालुक्यातल्या नागावात बोटीवर काम करणारा माणूस भरतीची वेळ तोंडी काढतो. तिथीची पाऊणपट करायची. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती पूर्ण आणि दुपारी सव्वातीनच्या आसपास ओहोटी तळाला. पौर्णिमा जवळ आली आहे, तेव्हा पाणी उधाणाकडे झुकलेलं. चढेलही जोरात, उतरेलही जोरात.

हाच हिशेब वाडीतल्या घरात पाहुण्यांसाठी चहा टाकणारी काकूही करते. मुंबई-पुण्याहून रात्री उशिरा आलेल्या कुटुंबाला ती कपाबरोबर एक वाक्य देते, “नवानंतर पानी उतरायला लागेल हां, पोरांना घेऊन लांब जाऊ नका.” तिचा बोटीच्या धंद्याशी संबंध नाही. तरीही किनाऱ्यावरच्या दिवसातला सुरक्षिततेचा पहिला निरोप तिच्याच स्वयंपाकघरातून निघतो. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. नागावचा किनारा हे कामाचं ठिकाण आहे. त्याला भिंत नाही, फाटक नाही, भोंगा नाही. म्हणून तिथली सुरक्षितता एका माणसाच्या अंगावर टाकता येत नाही.

सकाळी सात

हिवाळ्यात यावेळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी तेलासारखं शांत दिसतं आणि नवखा माणूस फसतो. याच वाऱ्यावर हवेनं फुगवलेली ट्यूब किंवा गादी पाहता पाहता आत ओढली जाते. म्हणून किनाऱ्यावरचा जीवरक्षक सर्वांत आधी लाटांकडे न बघता झेंड्याच्या कापडाकडे बघतो.

बोट पाण्यात जाण्याआधी तिची तपासणी होते. चालक इंजिन बघतो: इंधनाची नळी, पंखा, आणि ती लाल दोरी, जिचं एक टोक चालकाच्या अंगाला अडकवायचं असतं. चालक पाण्यात फेकला गेला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ती स्टिअरिंगलाच गुंडाळून ठेवली तर फिरत्या पंख्यासकट रिकामी बोट पोहणाऱ्यांवर येऊ शकते. एका दोरीचा प्रश्न असतो, पण ती अडकवली आहे का हे बघण्याचं काम चालकाएवढंच बोट ढकलणाऱ्या पोरग्याचंही आहे. “दादा, दोरी लावली का?” हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्या बोटीवर हा प्रश्न रोज विचारला जातो, तिथे दोरी रोज लावली जाते.

मदतनीस ओढायचे दोर हातातून सरकवत तपासतो. उन्हानं, मिठानं आणि वाळूच्या घर्षणानं दोर आतून कुजत जातो. जिथे गाठ मारलेली असते तिथे त्याची ताकद मुळातच कमी झालेली असते. तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा वापरणं ही काटकसर नव्हे. तिसरा माणूस लाईफ जॅकेट मोजतो, प्रत्येकाचा बक्कल लावून ओढतो, लहान मुलांची वेगळी काढतो. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाच्या अंगावर चढवलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं.

सकाळी साडेआठ

पहिले पर्यटक येतात. तिकिटाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला सगळे पैसे घेणारा समजतात, पण खरा चाळणारा तोच. पोहता येतं का, दम्याचा, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास आहे का, दिवस गेलेत का, रात्रीची उतरली आहे का, हे त्यानं विचारायचं. दारू प्यायलेल्याला परत पाठवायचं. त्यानं इथे हो म्हटलं की पुढच्या तिघांचं काम अवघड होतं.

मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरून आलेल्यांना आता जॅकेटबद्दल फार सांगावं लागत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ माणसं गेली. त्या बोटीवरच्या अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेच्या प्रवासी बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. तरी एखादे दादा म्हणतातच, “फोटो काढेपर्यंत काढून ठेवू का?” त्यांना नाही म्हणणं हेही कामच आहे. आणि ते नाही ऐकून घेणं ही पर्यटकाची जबाबदारी. तो गिऱ्हाईक असला तरी बोटीत पाय ठेवताच त्या कामाचा एक भाग होतो.

सकाळी नऊ

भरती पूर्ण. बनाना राईडची, म्हणजे बोटीमागे ओढलेल्या लांब फुगवलेल्या नळीवरची, पहिली फेरी निघते. बोटीत दोन माणसं हवीत आणि दोघांची तोंडं दोन दिशांना हवीत: चालक पुढे बघणार, मदतनीस मागे. हा नियम साधा आहे आणि सर्वांत जास्त तोच मोडला जातो, कारण दुसऱ्या माणसाची मजुरी वाचते. पण वेगात बोट चालवणारा माणूस मागच्या बनानावरून कोण घसरलं हे बघू शकत नाही. मागे बघणारा नसेल तर घसरलेला माणूस पाण्यात आहे हे कळायलाच वेळ जातो, आणि त्याच वाटेनं जेट-स्की येत असते.

शेवटी बनाना मुद्दाम उलटवण्याची पद्धत आहे. लोकांना मजा येते. ती आधी विचारूनच द्यावी, पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात द्यावी, आणि उलटल्यावर इंजिन लगेच बंद करावं. मग मोजणी, मोठ्यानं. “सहा बसले, सहा वर आले.” मदतनीस आकडा म्हणतो, चालक तोच पुन्हा म्हणतो, किनाऱ्यावरचा पोरगा उतरताना तिसऱ्यांदा म्हणतो. एकाची चूक दुसऱ्याच्या आवाजात सापडते, म्हणून आकडा मनात ठेवायचा नाही.

सकाळी साडेअकरा

वारा पालटतो. मतलई पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. झेंडा जमिनीच्या दिशेनं फडफडू लागतो, लाटांवर पांढरे शेंडे येतात. पॅरासेलिंगसाठी हीच घटका निर्णयाची. छत्री वर गेल्यावर वाऱ्याचा एक झोत आला तरी दोरावरचा ताण एकदम वाढतो, आणि सकाळी ठीक वाटलेला दोर दुपारी ठीक असेलच असं नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये इथून जवळच, वरसोलीच्या किनाऱ्यावर, पॅरासेलिंगचा दोर तुटला आणि दोन महिला समुद्रात पडल्या. अंगावर जॅकेट होती, म्हणून त्या वाचल्या. त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं होतं. नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं या त्यातल्या मुख्य अटी. धोरण असलं तरी दोर हातात धरणारा शेवटी गावातला पोरगाच असतो.

म्हणून या घटकेला मला सर्वांत जास्त काळजी त्या पोरग्याची वाटते. दोराचे दोन धागे उसवलेले त्याला दिसले आहेत. रांगेत दहा माणसं पैसे भरून उभी आहेत, शेठ टेबलाजवळ आहेत, चालक वयानं वीस वर्षांनी मोठा आहे. त्याला म्हणायचं आहे, “शेठ, हा दोर नको. थांबवूया.” चांगल्या किनाऱ्याची माझी कसोटी एवढीच आहे: हे वाक्य त्याला बोलता येतं का, आणि बोलल्यावर फेरी थांबते का. चर्चा नंतर करावी, दोर नंतर पुन्हा तपासावा. थांबणं मात्र आधी.

दुपारी एक

तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. जेवताना गप्पा थळच्या कंपनीवर येतात. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा थळचा खत कारखाना याच अलिबाग तालुक्यात आहे. तिथे १९ ऑक्टोबर २०२२ ला स्फोट होऊन तिघांचा जीव गेला, ते इथे कोणी विसरलेलं नाही.

कारखान्यांसाठी कायद्यानं एक गोष्ट फार पूर्वी मान्य केली. १९८४ ला भोपाळची वायुगळती झाली आणि १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती आली. धोकादायक कारखान्यात सुरक्षा समिती हवी, तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं हवेत, असं त्यात ठरलं. आणि समोर धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराला हक्क मिळाला, त्यावर त्यांनी ताबडतोब उपाय करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कामगारानं स्वतःची आणि शेजाऱ्याची काळजी घेण्याचं कर्तव्य आणि धोका कळवण्याचा हक्क एकत्र ठेवले आहेत.

बोटीवरच्या पोरग्यासाठी अशी समिती कोणी नेमलेली नाही. ती किनाऱ्यानंच बसवली पाहिजे: दर आठवड्याला एकदा, सगळ्या बोटींचे मालक, चालक, मदतनीस, जीवरक्षक, घोडागाडीवाले, भेळवाले. वाळूवर गोल बसून अर्धा तास. मालक जेवढे, तेवढेच कामाला असणारे. त्यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही.

दुपारी तीन

पाणी खूप मागे गेलं आहे. ओली वाळू मैदानासारखी पसरते आणि माणसं तिच्यावरून लांब आत चालत जातात. गाडीही नेतात, चाकं रुततात आणि भरती परत यायला लागते. पाणी सरळ समोरून येतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते आधी वाळूतल्या सखल पट्ट्यांत भरतं, आणि आत उभा असलेला माणूस मागून वेढला जातो.

याच जिल्ह्यात, मुरुडच्या समुद्रात, १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून ओहोटीच्या वेळी हाक मारण्याचं काम मी एकट्या जीवरक्षकाचं मानत नाही. त्याची शिट्टी वाऱ्यात विरते. घोडागाडीवाला आतपर्यंत फेऱ्या मारत असतो, त्यानं सांगावं; समोर उभ्या असलेल्या आईला भेळवाल्यानं विचारावं, “ताई, पोरगा कुठे आहे?”

आणि या सगळ्यांना बुडालेल्याला वाचवण्याचं शिक्षण हवं. अजूनही माणसाला उलटं धरून पोटातलं पाणी काढायला लोक धावतात. त्यात मोलाचा वेळ जातो. बुडणाऱ्याला हवा मिळालेली नसते. म्हणून श्वास थांबला असेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षणाचं आणि बोट चालवण्याचं प्रशिक्षण देते. एका किनाऱ्यावरून चार माणसं शिकून आली तर ती बाकीच्यांना शिकवू शकतात.

संध्याकाळी साडेपाच

दिवसातला सर्वांत धोक्याचा तास हा, आणि तो समुद्रामुळे धोक्याचा नाही. सूर्य समोरून डोळ्यांत येतो, पाण्यावरचं डोकं दिसत नाही. चालक सकाळपासून उन्हात आहे. गर्दी मात्र याच वेळी वाढते आणि प्रत्येकाला शेवटची फेरी हवी असते. जिथे मजुरी फेरीवर असते तिथे थकलेला माणूसही नाही म्हणत नाही. “एक शेवटची” ही सगळ्यांच्या तोंडी असलेली मागणी आहे, म्हणून ती नाकारण्याची वेळ आधीच ठरलेली हवी. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींनी एकाच मिनिटाला इंजिन बंद केलं तर कोणाचंच गिऱ्हाईक शेजारी जात नाही. एकट्या सज्जन मालकाला हे परवडत नाही; सगळ्यांनी मिळून केलं तर कोणाचंच नुकसान होत नाही.

संध्याकाळी सात

बोट वर ओढली जाते. जॅकेट गोड्या पाण्यातून काढून वाळत घातली जातात. उसवलेला दोर कापून टाकायचा, कोणी चुकून उद्या उचलणार नाही असा. मग एक वही निघायला हवी. तिच्यात अपघात लिहायचे नाहीत. थोडक्यात टळलेलं लिहायचं. बक्कल निघाला, मोजणी चुकली आणि सापडली, जेट-स्की फार जवळून गेली. लिहिणाऱ्याला कोणी ओरडायचं नाही, नाहीतर वही कोरी राहील आणि किनारा सुरक्षित असल्याचा भ्रम होईल.

आणि मग हिशेब. समजा, साडेअकराला पोरग्याच्या शब्दावरून पॅरासेलिंग थांबलं, दुपारभर छत्री गुंडाळलेली राहिली, पैसे परत करावे लागले. आता शेठ त्याच्या हातावर किती ठेवतात, यावर पुढचा शनिवार ठरतो. दोन-तीनशे रुपये कापले तर त्यानं धडा घेतला: दिसलं तरी बोलायचं नाही. पूर्ण मजुरी दिली, तीही चारचौघांसमोर, तर बाकीच्या पोरग्यांना कळलं की इथे बोललेलं चालतं. सुरक्षितता सगळ्यांची आहे हे म्हणणं सोपं आहे. पण जबाबदारी सगळ्यांची म्हणायची आणि थांबल्याचा तोटा सर्वांत धाकट्याच्या अंगावर टाकायचा, हे चालणार नाही. नागावच्या प्रत्येक मालकाकडे माझी मागणी एवढीच आहे: थांबवलेल्या फेरीची मजुरी द्या. ती या धंद्यातली सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे.