लाल लिपस्टिक ‘शोभत नाही’ म्हणजे नेमकं काय?

मागच्या लग्नसराईत मावसबहिणीच्या बस्त्याला आम्ही पारोळ्याच्या बाजारात गेलो होतो. साड्या झाल्या, मग लिपस्टिक. दुकानातल्या बाईंनी बहिणीकडे एकदा बघितलं आणि लाल शेड्सचा ट्रे आत सरकवला. “सावळ्या रंगाला लाल नाही शोभत, ही मरून घे.” बहीण काहीच बोलली नाही. लग्नात लाल लावायची, हे तिचं शाळेपासूनचं ठरलेलं होतं.

मी रंगद्रव्यांवर पीएचडी करते, त्यामुळे मला राग दोन कारणांनी आला. एक कारण उघड आहे. दुसरं असं, की ‘शोभत नाही’ हा निष्कर्ष आहे आणि त्यामागे निरीक्षण कुठेच नव्हतं. नेट-सेट किंवा पेटसाठी तुम्ही चल, नियंत्रण वगैरे व्याख्या पाठ करत असाल, तर त्या इथे लावून बघा.

आधी दुकानातला उजेड. एलईडी बल्बच्या खोक्यावर कधी कधी ‘सीआरआय ८०’ असं लिहिलेलं असतं. वस्तूंचे रंग त्या उजेडात किती खरे दिसतात, त्याचे ते गुण. पण हा आकडा ८ फिक्या-मध्यम नमुना रंगांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, आणि तो या सरासरीत धरतच नाहीत! म्हणजे बल्ब ८० गुणांनी पास होऊनही नेमका लालमध्ये नापास असू शकतो. कुठल्याही पेपरमध्ये सरासरी दिसली, की तिच्यात काय मोजलेलं नाही ते आधी शोधा.

आता ओठ. लिपस्टिकचा थर पातळ असेल तर प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या ओठावरून परततो आणि मग आपल्या डोळ्यांत येतो. ओठात मेलॅनिन जास्त असेल तर परतणारा प्रकाश कमी, आणि तोच लाल तपकिरी दिसतो. ‘लाल शोभत नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘ही लिपस्टिक पातळ आहे’ एवढाच असतो. मग दाट, खालचं झाकणारी घ्यावी. पण झाकण्याचं काम टायटॅनियम डायऑक्साइडवर सोपवलं असेल (घटकांच्या यादीत सीआय ७७८९१), तर लाल खडूसारखा गुलाबट होतो. सीआय १५८५० हे लाल रंगद्रव्य खूप लिपस्टिकमध्ये असतं. कुठलं किती घातलंय ते या क्रमांकांवरून कळत नाही, म्हणून लावून बघणं भाग आहे. मनगटावर रेघ ओढून काही उपयोग नाही, तिथली कातडी ओठांसारखी नसते. बोटाचं टोक त्यातल्या त्यात बरं.

दुकानात आणखी एक नियम ऐकला: निळसर लालने दात पांढरे दिसतात, शेंदरी लालने पिवळे. मला हे पटेना. शेव्हरूल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे, असं त्याला आढळलं, आणि १८३९ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं. रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. या हिशेबाने शेंदरीशेजारी दात निळसर, म्हणजे कमी पिवळे दिसायला हवेत. दुकानातल्या नियमाच्या अगदी उलट! मग सगळ्यांना तसं का दिसतं? माझा अंदाज असा: आम्हाला दाखवलेल्या निळसर छटा जास्त गडदही होत्या, आणि गडद ओठांशेजारी दात उजळ दिसतात. दोन चलं एकदम बदलली आणि श्रेय एकालाच गेलं. तपासायचं असेल तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही लाल साधारण सारखेच करडे दिसले, तरच ती तुलना धरायची.

घरी आम्ही बहिणींकडून ४ लाल लिपस्टिक जमवल्या. (दुसऱ्याची कांडी थेट ओठांना लावू नका, इअरबडने घ्या.) सकाळी दहाला ओसरीत, उन्हात नाही, अंगावर तोच शालू, फोटोत कोपऱ्यात पांढरा कागद, फिल्टर बंद. नाव आणि किंमत लपवून फोटोंना फक्त नंबर दिले. आणि एक चोरटी गोष्ट केली: २ नंबरचीच लिपस्टिक पुन्हा ५ नंबर म्हणून लावली, बघणारे किती विश्वासार्ह आहेत ते कळावं म्हणून. मावशी २ ला ‘झकास’ म्हणाली आणि ५ ला ‘फार भडक’. तिचं मत बाद केलं, त्यावरून ती दोन दिवस रुसली होती.

उरलेल्या चौघींनी ३ नंबर निवडला, दाट आणि किंचित शेंदरी. मरूनला एकही मत नव्हतं, कारण ती स्पर्धेतच नव्हती. हा दोष माझा. आणि हे सगळं एकाच मुलीच्या ओठांबद्दल आहे, तुमच्यासाठी नियम म्हणून वापरू नका.

बहिणीने मात्र ४ नंबर घेतला. फॉर्मवर तिच्या स्वतःच्या मतासाठी मी रकानाच ठेवला नव्हता.