तारीख साठवायची एक, दाखवायची दुसरी

दौंड तालुक्यातल्या कासुर्डीच्या शेतकऱ्याने ऊसलागणीची तारीख ०५/०७/२०२४ लिहिली, तर आपण ती ५ जुलै वाचतो. अमेरिकी मांडणीवर ठेवलेले एक्सेल तिला ७ मे समजते आणि तसे सांगतही नाही. त्याच रकान्यातली २५/०७/२०२४ मात्र नुसता मजकूर म्हणून पडून राहते, कारण पंचविसावा महिनाच नसतो. एकाच यादीतल्या काही तारखा बदलल्या, काही हिशेबातून गळल्या. न दिसणारी चूक सर्वांत घातक. आकड्यांचेही असेच होते. सातबाऱ्यावरचे १.२०.०० म्हणजे १ हेक्टर २० आर, पण दोन टिंबांमुळे संगणकाला तो आकडाच वाटत नाही. १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ छापले, की बारा लाख पटकन ओळखू येत नाहीत.

मग जगभर वर्ष-महिना-दिवस असा एकच क्रम का नको? साठवणीसाठी तो हवाच. आयएसओ ८६०१ हे मानक त्यासाठीच आहे. पण साठवणे वेगळे, दाखवणे वेगळे. आत किंमत एकच ठेवावी आणि पडद्यावर वाचणाऱ्याची रीत पाळावी. यात खर्च फार, हा आक्षेप मला पटत नाही. युनिकोडच्या सीएलडीआर या खुल्या संग्रहात मराठीचे देवनागरी अंक, महिन्यांची नावे, लाख-कोटींचे स्वल्पविराम आयते नोंदलेले आहेत. प्रोग्रॅमरने क्रम स्वतः ठोकून न बसवता तिथून घ्यायचा, एवढेच काम. अर्थात नुसती नोंद पुरत नाही, ती वापरातही यावी लागते: रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० साली ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले; तरी जुन्या फॉन्टमध्ये आजही त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो.